विश्लेषण : सांडपाणी दिसते स्वच्छ, मग त्यातील अमोनिया का जात नाही?

परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या अनेक टॉवरच्या तळघरांत छोटेसे मलजल प्रक्रिया संयंत्र चालू असते. तिथून दोन-चार किलोमीटरवर, वरळीत दिवसाला ५०० दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र महापालिका उभारत आहे. एक रहिवाशांच्या मासिक देखभाल खर्चातून चालते, दुसरे करदात्यांच्या पैशातून उभे राहते. मात्र सांडपाण्यातील नायट्रोजन काढण्यासाठी दोघांची भिस्त डोळ्यांना न दिसणाऱ्या त्याच मोजक्या जिवाणूंवर आहे. हे जिवाणू सावकाश वाढतात आणि ब्लीच, जंतुनाशके, तांबे, सायनाइड अशा रसायनांनी लवकर बंद पडतात. ते बंद पडले तरी पाणी स्वच्छच दिसते. ही अडचण नेमकी काय आहे आणि ती ओळखायची कशी, याचा आढावा.

सांडपाण्यात नायट्रोजन येतो कुठून?

मुख्यतः माणसाच्या शरीरातून. एक प्रौढ व्यक्ती दिवसाला साधारण १० ते १३ ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकते आणि त्याचा मोठा वाटा लघवीतील युरियाचा असतो. गटारातून वाहताना युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. त्यामुळे घरगुती सांडपाण्यात दर लिटरला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आढळतो.

हा अमोनिया तसाच पाण्यात सोडला तर तो माशांना विषारी ठरतो. खाडीत किंवा तलावात तो शेवाळाचे खत बनतो आणि पाण्यातील ऑक्सिजन संपवतो. टॉवरमध्ये प्रक्रिया केलेले पाणी फ्लशसाठी पुन्हा वापरले जाते, तिथे त्रास वेगळा आहे. अशा पाण्याला उग्र वास येतो आणि निर्जंतुकीकरणासाठी टाकलेला क्लोरीन आधी अमोनियाच खाऊन टाकतो. सैद्धांतिक हिशेबाने १ भाग अमोनिया-नायट्रोजन संपवायला सुमारे ७.६ भाग क्लोरीन लागतो. म्हणजे ३० मिलिग्रॅम अमोनिया शिल्लक राहिला, तर त्यासाठीच दर लिटरला सव्वादोनशे मिलिग्रॅमहून अधिक क्लोरीन खर्च होईल. तेवढा क्लोरीन कोणी टाकत नाही. मग पाण्यात उरतात ती क्लोरामाइन्स, ज्यांची जंतू मारण्याची ताकद क्लोरीनपेक्षा बरीच कमी असते.

तो काढला जातो कसा?

तीन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात नायट्रोसोमोनास वर्गातील जिवाणू हवेतील ऑक्सिजन वापरून अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसऱ्या टप्प्यात नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा वर्गातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. या दोन टप्प्यांना मिळून नायट्रीकरण म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे विनायट्रीकरणात, पाण्यात हवा सोडणे थांबवले जाते. तेव्हा दुसरे जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग हाच वायू आहे, त्यामुळे त्याचा त्रास नाही.

साखळीतील कमकुवत कडी म्हणजे नायट्रीकरण. तेच झाले नाही तर नायट्रेट तयार होत नाही आणि पुढचा टप्पा सुरूच होत नाही.

नेमके हेच जिवाणू का थांबतात?

याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे वाढीचा वेग. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंना त्या ‘खाद्या’तून फार कमी ऊर्जा मिळते, म्हणून त्यांची संख्या दुप्पट व्हायला एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. एखाद्या रसायनाने दोन्ही गट मेले, तर पहिला गट दोन-तीन दिवसांत सावरतो, दुसऱ्याला काही आठवडे लागू शकतात.

दुसरे कारण रासायनिक आहे. अमोनियावर पहिली प्रक्रिया करणारे त्यांचे विकर, म्हणजे एन्झाइम, तांब्याच्या अणूंवर चालते. थायोयुरिया वर्गातील रसायने हे तांबे पकडून ठेवतात आणि विकर निकामी होते. शिवाय हे विकर फारसे चोखंदळ नाही. अमोनियाऐवजी क्लोरोफॉर्मसारखे रेणूही त्यात शिरतात आणि जागा अडवतात. जड धातू, सायनाइड, फिनॉल, सल्फाइड हे वेगवेगळ्या मार्गांनी याच पेशींचे काम थांबवतात.

स्वतः अमोनियाही जास्त झाला तर घातक ठरतो. पाण्याचा पीएच वाढला की अमोनियाचा मोठा भाग मुक्त स्वरूपात येतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आजही आधार मानल्या जाणाऱ्या अभ्यासानुसार, दर लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया दुसऱ्या टप्प्यातील जिवाणूंना रोखू लागतो, तर पहिल्या टप्प्यातील जिवाणू १० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत तग धरतात. त्यामुळे दोन टप्पे एकाच वेळी बंद पडतात असे नाही. कधी फक्त दुसरा थांबतो आणि पाण्यात नायट्राइट साचत जाते.

हे कळले कसे?

गंमत म्हणजे रसायनाने जिवाणू थांबवूनच त्यांचा शोध लागला. १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोझिंग आणि म्युन्झ या शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी सावकाश सोडले. सुरुवातीला अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. सुमारे २० दिवसांनी त्याचे नायट्रेट होऊ लागले. हे निव्वळ रासायनिक आहे की सजीवांचे काम, हे पाहण्यासाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून ताज्या मातीचे पाणी घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे काम सजीवांचेच होते.

१९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी ‘सक्रिय गाळ’ पद्धत मांडली. त्यांना सांडपाण्याचे पूर्ण नायट्रीकरण व्हायला पहिल्या वेळी सुमारे पाच आठवडे सतत हवा सोडावी लागली. खाली बसलेला गाळ न फेकता त्यांनी त्यावर पुन्हा नवे सांडपाणी घेतले आणि हा वेळ काही तासांवर आला. आज जगभरातील बहुतांश केंद्रे याच गाळावर चालतात. गाळातील जिवाणू मेले, तर आपण पुन्हा त्या पाच आठवड्यांच्या सुरुवातीला जाऊन पोहोचतो.

शेतीत मात्र हाच अडथळा मुद्दाम आणला जातो. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा थर सक्तीचा आहे. कडुनिंबातील घटक मातीतील नायट्रीकरण मंद करतात, त्यामुळे खत वाहून न जाता पिकाला जास्त काळ मिळते. शेतात जे हवे असते, तेच प्रक्रिया केंद्रात नुकसान करते.

मुंबईच्या शहर भागात धोका कुठून?

दक्षिण आणि मध्य मुंबईचा मोठा भाग महापालिकेच्या वरळी मलनिस्सारण क्षेत्रात येतो. इथले सांडपाणी लव्हग्रोव्ह उदंचन केंद्रात जमा होते. तिथे कचरा आणि वाळू वेगळी करून ते सुमारे ३.४ किलोमीटर लांबीच्या सागरी बोगद्यातून खोल समुद्रात सोडण्याची पद्धत राहिली आहे. चाळण्या आणि वाळू काढण्याच्या टाक्यांना रसायनांचा त्रास नसतो, कारण तिथे जिवंत असे काही कामाला लावलेलेच नसते. नव्या केंद्रात जैविक प्रक्रिया येईल आणि गटारात कोण काय ओततो हा प्रश्न प्रथमच केंद्राच्या कामगिरीशी थेट जोडला जाईल. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात केंद्रांची पायाभरणी १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आहे.

शहर भागातील सांडपाणी निव्वळ घरगुती नाही. परळमध्ये केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया अशी मोठी रुग्णालये एकमेकांच्या शेजारी आहेत. कोणत्याही रुग्णालयाच्या सांडपाण्यात जंतुनाशके, प्रतिजैविके, प्रयोगशाळेतील अभिकर्मके यांचा अंश येतोच. जंतू मारणे हेच या रसायनांचे काम आहे. उपयोगी जिवाणू आणि रोगजंतू यांत ती फरक करत नाहीत. गिरगावला लागून असलेल्या काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार या भागांत दागिने घडवण्याचा व्यवसाय दाटीवाटीने चालतो. या व्यवसायात आम्ले, चांदी-तांब्याचे क्षार आणि मुलाम्यासाठी सायनाइडयुक्त द्रावणे वापरली जातात. त्यांची विल्हेवाट नीट झाली नाही तर ती गटारात उतरतात.

तिसरा स्रोत नैसर्गिक आहे. किनाऱ्यालगतच्या जुन्या वाहिन्यांत भरतीचे खारे पाणी झिरपते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. हवा न मिळणाऱ्या वाहिनीत त्याचे हायड्रोजन सल्फाइड होते. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांचा जीव घेणारा वायू हाच आणि नायट्रीकरण रोखणाऱ्या पदार्थांच्या यादीतही तो आहे.

मग ५०० दशलक्ष लिटरमध्ये हे सगळे विरून जात नाही का?

बरेचसे विरते. धातूंचा मोठा भाग गाळाला चिकटतो, क्लोरीन वाटेतच सेंद्रिय घाणीवर खर्च होतो आणि थोड्या प्रमाणात सतत येणाऱ्या काही रसायनांची जिवाणूंना सवयही होते. धोका असतो तो एकदम येणाऱ्या मोठ्या लोंढ्याचा.

तळघरातील छोट्या संयंत्राचे गणित मात्र वेगळे आहे. समजा, एका इमारतीत साफसफाईसाठी ५ टक्के तीव्रतेचे २० लिटर सोडियम हायपोक्लोराइट एकाच वेळी नाल्यात गेले. त्यात साधारण १ किलो क्लोरीन असतो. ५०० दशलक्ष लिटरच्या केंद्रात तो दर लिटरला ०.००२ मिलिग्रॅम होतो, म्हणजे नगण्य. ५० हजार लिटरच्या संयंत्रात तोच दर लिटरला २० मिलिग्रॅम होतो. पिण्याच्या पाण्यात नळाला साधारण ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन पुरेसा मानला जातो, हे लक्षात घेतले तर २० या आकड्याचा अर्थ कळतो. यातील काही भाग वाटेत खर्च होईल, तरीही उरलेला गाळाला जबर धक्का देऊ शकतो. टाकी धुणे, पेस्ट कंट्रोल, दिवाळीआधीची सफाई, तुंबलेल्या नळात ओतलेले ॲसिड किंवा कॉस्टिक हे सगळे अशा लोंढ्यांचेच प्रकार आहेत.

२०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि सांडपाणी प्रक्रिया ही त्यातील नेहमीची अट असते. त्यामुळे लालबाग, परळ, दादर, लोअर परळ इथल्या मोठ्या पुनर्विकासासोबत अशी संयंत्रे वाढत जाणार हे उघड आहे.

बीओडीचा अहवाल चांगला, तरी गफलत कशी?

सोसायटीला मिळणाऱ्या अहवालात बहुधा बीओडी, सीओडी, पीएच आणि गाळाचे कण एवढेच आकडे असतात. बीओडी म्हणजे पाण्यातील घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. भारतात ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. फक्त सेंद्रिय घाण मोजायची असेल, तर चाचणीच्या बाटलीत ॲलिल थायोयुरिया टाकून नायट्रीकरण मुद्दाम बंद केले जाते. थोडक्यात, या चाचणीचा रोख सेंद्रिय घाणीवर आहे, अमोनियावर नाही.

त्यामुळे असे घडू शकते : रसायनाच्या धक्क्यानंतर सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू चार दिवसांत सावरले, बीओडी १० च्या आत आला, पाणी नितळ झाले. नायट्रीकरण मात्र बंदच आहे आणि अमोनिया आत येतो तसाच बाहेर जातो.

संयंत्र चालवणाऱ्याला फसवणारी आणखी एक खूण आहे. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करायला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. नायट्रीकरण थांबले की ही मागणी संपते. ब्लोअर तेवढाच चालू असतो, पण टाकीतील विरघळलेला ऑक्सिजन अचानक वाढतो. मीटरवरचा आकडा पाहून ‘हवा भरपूर आहे, सगळे उत्तम’ असे वाटते. खरे तर ऑक्सिजन वापरणारे जिवाणूच काम करत नसतात.

प्रत्येक बिघाडाला विषच कारण असते असेही नाही. नायट्रीकरणात पाण्याची क्षारता खर्च होते. १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७.१४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी. ती संपली की पीएच घसरतो आणि काम थांबते. ब्लोअर बिघडला, किंवा गाळ गरजेपेक्षा जास्त उपसला, तरी हेच होते. फरक खुणांवरून कळतो. पीएच घसरला तर क्षारता कमी पडली. ऑक्सिजन घसरला तर हवा कमी पडली. पीएच आणि ऑक्सिजन दोन्ही वाढले, गाळही पुरेसा आहे आणि अमोनिया चढतो आहे, तर रसायनाचा संशय घ्यावा.

नियम काय सांगतात?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये काढलेल्या मसुद्यात प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी अमोनिया-नायट्रोजन ५ आणि एकूण नायट्रोजन १० मिलिग्रॅम अशी मर्यादा होती. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून नायट्रोजन वगळला गेला. महानगरांसाठी बीओडी २० आणि गाळाचे कण ५० अशा मर्यादा राहिल्या. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने बीओडी १० आणि एकूण नायट्रोजन १० असे कडक निकष पुढे आणले. निकष इतके खाली आले की ते जिवाणूंच्या मदतीशिवाय गाठणे अवघड आहे.

दुसरीकडे, गटारात काय सोडता येते याचे नियम जुन्या गृहीतकावर उभे आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार समुद्रात सोडायच्या पाण्यात सायनाइड ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालते, सार्वजनिक गटारात मात्र २ मिलिग्रॅमपर्यंत. ही दहापट सवलत पुढे प्रक्रिया होईल या हिशेबाने आहे. तांब्याची गटारातील मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शिकेत केंद्रात पोहोचलेल्या पाण्यात नायट्रीकरण रोखू लागण्याची पातळी तांब्यासाठी ०.०५ ते ०.४८ आणि सायनाइडसाठी ०.३४ ते ०.५ मिलिग्रॅम दिली आहे. वाटेत पाणी मिसळून तीव्रता कमी होते, म्हणून हे आकडे थेट समोरासमोर ठेवता येत नाहीत. तरी मर्यादा पाळूनही छोट्या संयंत्राला धक्का बसू शकतो, एवढे त्यातून दिसते.

रुग्णालयांना २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सांडपाण्यावर आधी स्वतः प्रक्रिया करावी लागते. त्यासाठीच्या मानकांत जैवचाचणीही आहे : त्या पाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. चाचणी चांगली आहे, पण मासे जगले म्हणजे नायट्रीकरण करणारे जिवाणूही जगतील याची ती हमी देत नाही. त्यासाठी आयएसओ ९५०९ ही स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धत उपलब्ध आहे. त्यात संशयित पाणी गाळात मिसळून चार तासांत नायट्रीकरण किती मंदावले ते पाहतात.

उपाय काय?

मोठ्या केंद्राच्या पातळीवर आत येणाऱ्या पाण्यातील अमोनिया आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातील अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांची सतत नोंद, धक्का बसल्यास पाणी वळवून ठेवायला जादा टाकी आणि मुख्य म्हणजे स्रोतावर लक्ष या तीन गोष्टी लागतात. लोंढा कुठून आला हे शोधायला उदंचन केंद्रांवर नमुने घ्यावे लागतात. केंद्रात पोहोचल्यावर सर्व गल्ल्यांचे पाणी एकच झालेले असते. उष्ण हवामान ही मुंबईची जमेची बाजू आहे. थंड देशांत हिवाळ्यात हे जिवाणू आणखी मंदावतात, इथे ती अडचण नाही.

सोसायट्यांना बरेच काही स्वस्तात करता येते. मासिक अहवालात अमोनिया आणि नायट्रेट हे दोन आकडे मागावेत. अमोनियाचे साधे चाचणी किट ऑपरेटरकडे असावे आणि आठवड्यातून एकदा नोंद व्हावी. हाउसकीपिंगच्या कंत्राटात ॲसिड, ब्लीच, फिनेल किती आणि कधी वापरायचे ते लिहिलेले असावे. उरलेले रसायन नाल्यात ओतण्यास मनाई असावी. टाकी धुतल्यानंतरचे क्लोरीनचे पाणी एकदम संयंत्रात न सोडता थोडे थोडे सोडावे. धक्का बसलाच तर गाळ उपसणे थांबवावे, आवक शक्य तितकी कमी करावी आणि चांगल्या चालू केंद्रातील गाळ आणून टाकावा. नुसती हवा वाढवून मेलेले जिवाणू परत येत नाहीत, वीजबिल तेवढे वाढते.

घरच्या पातळीवर नियम आणखी सोपा आहे. कपभर फिनेलने काही बिघडत नाही. जुनी औषधे, रंगाचे थिनर, बागेतले कीटकनाशक आणि बाटलीभर ड्रेन क्लीनर कमोडमध्ये ओतणे टाळावे. टॉवरमध्ये कमोडमध्ये ओतलेले रसायन काही मिनिटांत त्याच इमारतीच्या तळघरात पोहोचते आणि तिथे प्रक्रिया झालेले पाणी फ्लशच्या टाकीतून पुन्हा वर येते.